भाच्यांची अकादमी

"फुटबॉलच्या अकादमीत पैसे घालणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं," असं अंबाजी भर सभेत बोलला, तेव्हा त्याची मान पिरगाळायला माझे हात शिवशिवले. सभा मारुतीच्या देवळात होती, चपला बाहेर काढलेल्या होत्या आणि समोर देव बसला होता, म्हणून तो वाचला. मिठाचं आम्हाला कोणी सांगू नये. माझ्या बापाची आणि अंबाजीच्या बापाची हयात एकाच मिठागरात गेली, दोघांच्या पायांच्या भेगा शेवटपर्यंत भरल्या नाहीत. त्यांच्या मिठावर आम्ही मोठे झालो, आणि हा मला मिठाचा दाखला देतो.

मी रामचंद्र घरत. नागावच्या अलीकडे मोठ्या रस्त्यावरून खाडीच्या अंगाला वळलं की आमचं खारशेत लागतं. पोर्टला माझे दोन ट्रेलर चालतात. तीन होते. तिसरा विकून मी गावच्या क्लबची अकादमी काढली. पोरांना लहानपणापासून शिकवायचं, घडवायचं आणि मग त्यांच्या जोरावर कप आणायचे, असा माझा विचार. आमच्या मैनाला, म्हणजे माझ्या बायकोला, तो ट्रेलर अजून पचलेला नाही. पाहुण्यांनी विचारलं, "भाऊंचा तिसरा ट्रेलर कुठाय?" की ती चहा ओतता ओतता म्हणते, "ग्राऊंडवर पळतोय, बघून या."

लोक विचारतात, क्रिकेट सोडून फुटबॉल कशाला. आमच्याकडे क्रिकेट म्हणजे वेड आहे. बक्षिसाला बाईक, मॅच यूट्यूबवर लाईव्ह, माईकवर बोलणारा खास मागवलेला. आणि टीम बघाल तर बॅट्समन डोंबिवलीचा, बोलर भिवंडीचा, सगळे दिवसाच्या भाड्याने आणलेले. गावचा म्हणून जो एक असतो तो बाउंड्रीपाशी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. मग कप आला की आख्खं गाव नाचतं. कोणासाठी नाचता रे बाबांनो? तो डोंबिवलीवाला पैसे मोजून केव्हाच बसला गाडीत. मला ते पटत नाही. शिवाय तालुक्यात क्रिकेटच्या टीम गल्लोगल्ली, फुटबॉलच्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. थोड्यात पहिलं येणं सोपं, असा माझा अंदाज. तोही चुकला, ते पुढे सांगतो.

अंबाजी क्लबचा उपाध्यक्ष. मी अध्यक्ष. आम्ही एका वर्गात होतो आणि तेव्हाही तो माझ्या उलटच बसायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. अकादमी बंद करायची. सीझनपुरते तीन खेळाडू गोव्याहून आणायचे, बाकी जागा गावच्या पोरांनी भरायच्या. आणि ग्राऊंडच्या जागेवर लग्नाचं लॉन करायचं, कारण हल्ली मुंबईची माणसं किहीमला, नागावला येऊन समुद्राच्या वाऱ्यात लग्नं लावतात आणि त्यासाठी वाट्टेल तेवढं देतात.

"चार वर्षं झाली, रामा," तो म्हणाला. "कोच ठेवलास, बॉल आणलेस, पोरांना अंडी चारलीस. गावाला काय मिळालं? कप दाखव. कप न्हाय तर चमचा दाखव."

लोक हसले. आणि मी, उचलली जीभ नि लावली टाळ्याला, उभा राहून बोललो, "या वर्षी तालुक्याचा कप आपण जिंकला न्हाय, तर याच मंडपात येऊन ग्राऊंडच्या गेटची चावी तुझ्या हातात देईन. मग लाव लग्नं, वाजव बँड."

टाळ्या पडल्या. मागे बायकांच्या बाजूला मैना बसली होती. तिने कपाळाला हात लावलेला मला पुढून दिसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण शब्द गेला होता.

आता चार वर्षांत कप का नाही आला, ते सांगायला हवं. त्यात दोष फुटबॉलचा नाही. दोष आमच्या सोयरिकींचा आहे.

खाडीच्या पल्याड करंजपाडा आहे. आमच्या लेकी पिढ्यान् पिढ्या करंजपाड्याला दिल्या आणि तिथल्या आमच्याकडे आल्या. माझी मैना करंजपाड्याची. माझी बहीण केसर करंजपाड्यात. खारशेतचं कुठलंही घर उघडा, एक बाई तिथून आलेली सापडेल आणि एक तिथे गेलेली. अकादमी काढली तेव्हा गेटवर मी हौसेने बोर्ड लावला, "खारशेतच्या मुलांना प्रवेश मोफत". त्यात काही चुकलं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

पहिल्याच मे महिन्यात केसर गेटवर येऊन उभी राहिली. सोबत तिचा मितेश, तेव्हा बारा वर्षांचा, हाडं मोजून घ्यावीत असा.

"दादा, यालाही घे."

आमचा कोच पनवेलचा, शिकलेला पोरगा. तो माझ्या कानाशी म्हणाला, "काका, हा आपल्या गावचा नाहीये. बोर्डावर स्पष्ट लिहिलंय."

मी त्याच्यावर असा खेकसलो की पोरं वॉर्मअप करायची थांबली. म्हटलं, "गावच्या लेकीचं पोर परकं असतं व्हय रे? तुमच्या पनवेलला असेल. आमच्याकडे न्हाय." केसरच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याने मला फार मोठं वाटलं. मी त्या दिवशी दोन चहा जास्त प्यायलो.

संध्याकाळपर्यंत ही बातमी पूल ओलांडून गेली. दोन दिवसांनी गोदू आली, दोन पोरांना घेऊन. तिचा भाऊ गणराज, माझ्यासारखाच ट्रेलरवाला, तिच्या पाठीशी हाताची घडी घालून उभा. त्याने फक्त एवढंच विचारलं, "केसरचा चालतो तर गोदूचे चालतील ना?" मी काय बोलणार? मग तिसरी आली, चौथी आली. प्रत्येकीमागे भाऊ, आणि प्रत्येक भावाशी माझं रोज तोंड बघायचं नातं. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. दुसऱ्या मे महिन्यात मी ग्राऊंडवर नजर टाकली तर गावची पोरं कोपऱ्यात आणि मधे सगळे भाचे.

बरं, भाचा आईबरोबर महिनाभर मामाकडे राहायला आला म्हणजे नुसता शिकवून चालत नाही. त्याचं खाणंपिणं बघावं लागतं. मामाकडे भाचा उपाशी राहिला असं खाडीपल्याड जायला नको, म्हणून सरावानंतर आमची पोरं एक अंडं खायची आणि भाचे दोन. आमची पोरं साधा पाव खायची, भाच्यांना मामीने घरून पापलेट पाठवलेलं असायचं. चार वर्षांत फरक दिसायला लागला. त्यांचे बॅक आमच्या फॉरवर्डपेक्षा वीतभर उंच झाले.

आणि जून लागला की शाळा उघडायच्या. भाचे आपापल्या घरी. आधार कार्ड करंजपाड्याचं, शाळा करंजपाड्याची, मग खेळणार कोणाकडून? करंजपाड्याच्या क्लबकडे ना ग्राऊंड होतं ना कोच. त्यांचा क्लब म्हणजे एक बॅनर आणि खारशेतचे भाचे. एका वर्षी त्यांनी आम्हाला साखळीत हरवलं, पुढच्या वर्षी सेमी फायनलला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कोणाच्या नावाने?

क्लबच्या बैठकीत हे निघालं नाही असं नाही. भाचे बंद करायचे, असा ठराव एकदा सगळ्यांनी टेबलावर हात आपटून पास केला. नंतर प्रत्येक जण एकेकटा माझ्या घरी आला आणि हळूच म्हणाला, "बाकीच्यांचे बंद कर. आमच्या ताईचा तेवढा राहू दे."

तर या वर्षीची फायनल. फेब्रुवारी महिना, तालुक्याचं ग्राऊंड, ऊन तापायला लागलेलं. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला करंजपाडा. दुसरं कोण असणार? त्यांच्या अकरात सात भाचे होते. आमच्या गोलमध्ये माझा प्रणय. त्यांच्या पुढच्या फळीत केसरचा मितेश. दोघंही सोळाचे, मे महिन्यात एका चादरीखाली झोपणारे, एकमेकांच्या चपला घालणारे.

मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही टीम हात मिळवतात, ही फुटबॉलची रीत. हात मिळवून झाले आणि ते सात भाचे लाईनीतून निघाले, सरळ आमच्या बाकाकडे आले आणि एकेक करून मामांच्या पाया पडायला लागले. आमच्या बाकावर दुसरं कोण होतं? सगळे मामाच. गणराजने गोदूच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. मितेश माझ्या पायाशी वाकला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मोठा हो. जिंकून ये."

अंबाजी माझ्या शेजारीच बसला होता. "काय बोललास तू?" तो म्हणाला. "कोणाला सांगतोस जिंकायला?"

"तोंडातून गेलं."

"तुझं तोंड शिवायला पायजे."

खेळ मात्र बघण्यासारखा झाला, ते अंबाजीही नाकारणार नाही. पहिला गोल आमचा. दुसऱ्या हाफमध्ये गोदूच्या थोरल्याने डोक्याने मारून बरोबरी केली आणि गणराज टाळी वाजवायला गेला, मग भानावर येऊन त्याने त्याच टाळीत डास मारल्याचं नाटक केलं. शेवटची काही मिनिटं उरली असताना आमच्या बॅकने मितेशला बॉक्समध्ये आडवा केला आणि रेफरीने शिट्टी फुंकली. पेनल्टी.

आता इथे एक गोष्ट कळली पाहिजे. मितेशच्या पायात ताकद आहे, नेम आहे, पण त्याला एक खोड होती. बॉल ज्या कोपऱ्यात मारायचा त्या कोपऱ्याकडे तो आधी बघायचा. गोलकीपर आंधळा नसेल तर त्याला तेवढं पुरतं. ती खोड मोडायला मी दोन मे महिने घातले. रोज सकाळी गोलच्या मागे बादली पालथी घालून बसायचो आणि हा बॉल ठेवून वर बघायला लागला की ओरडायचो, बघू नको, बॉलकडे बघ. घसा बसायचा माझा. मैना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्यायची.

मितेशने बॉल ठेवला. चार पावलं मागे गेला. आणि उजव्या कोपऱ्याकडे बघितलं.

प्रणयने ते बघितलं. त्याला ही खोड माझ्याइतकीच पाठ होती, रोज सकाळी गोलमध्ये तोच उभा असायचा. त्याचा खांदा किंचित त्याच अंगाला झुकला. म्हणजे झालं, ही अडली की मॅच आपल्या हातात, चावी माझी, लॉन अंबाजीच्या स्वप्नात. मला फक्त गप्प बसायचं होतं. कुत्र्यामांजराला जमतं तेवढंच काम होतं.

"मितेश, बघू नको, बॉलकडे बघ."

आख्ख्या ग्राऊंडने ऐकलं. माझा आवाज ट्रेलरचा हॉर्न झाकून टाकतो.

मितेशने मान खाली घातली. "व्हय मामा," असं तो पुटपुटल्याचं मला ओठांवरून कळलं. आणि त्याने डावीकडे मारला. प्रणय दुसऱ्या अंगाला हवेत होता.

माईकवरचा माणूस हुशार निघाला. तो म्हणाला, "आणि हा गोल मामांच्या चरणी अर्पण." लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. आमच्या बाकावर कोणी हललं नाही. अंबाजीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, समोर बघत म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." खोटं कशाला बोलू, बॉल जाळीला लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो दुःखाचा नव्हता. एवढी सुंदर पेनल्टी त्या पोराने आयुष्यात मारली नव्हती. दुःख नंतर आलं, प्रणय उठून गुडघ्याची माती झटकत होता तेव्हा.

येताना सगळे टेम्पोत बसलो. प्रणय माझ्या समोर बसला होता, हातमोजे मांडीवर. पूल लागला तेव्हा त्याने विचारलं, "पप्पा, तुम्ही कोणाच्या बाजूने होता?"

"तुझ्याच," मी म्हटलं.

"मग ओरडलात का?"

 मी म्हटलं, "चुकीचं मारत होता रे तो." प्रणयने जरा वेळ विचार केला आणि मग त्याला हसू फुटलं. त्याला हसताना बघून मला रडायला आलं, पण टेम्पोत सगळे होते.

घरी मैनाने ताट वाढलं. "चावी देणार उद्या?"

"शब्द दिलाय."

ती काही बोलली नाही. मैना बोलते तेव्हा मला त्रास होतो, बोलत नाही तेव्हा भीती वाटते. ताटं उचलली आणि फोन घेऊन मागच्या दाराला गेली. मी म्हटलं असेल माहेरचा फोन, जिंकलेत ते, गोड बोलू दे.

रविवारी सकाळी देवळात सभा भरली. एवढी गर्दी हनुमान जयंतीलाही नसते. मी चावी प्रसादाच्या ताटलीत ठेवली आणि खांबाला टेकून बसलो. बायका बाहेर पारावर होत्या. अंबाजी उभा राहिला. तो वाईट बोलला नाही, ते मला जास्त लागलं. त्याने मला नावं ठेवली नाहीत, पेनल्टीचा विषयही काढला नाही. एवढंच म्हणाला, "रामाने जीव लावला, हे मला दिसतं. पण आपण खत घालतो आणि पीक पल्याड उगवतं. रामाचा पैसा, गावाची जागा. गावाला काय मिळालं ते सांगा आणि मी खाली बसतो."

कोणी काही सांगेना. मीही शोधत होतो आणि मला सापडत नव्हतं. चार वर्षांच्या घामाचं एवढंसं उत्तर माझ्याजवळ नसावं, याची मला लाज वाटली.

"मग अकादमी बंद करायची, लॉन करायचं, हे ज्यांना मंजूर ते हात वर करा," अंबाजी म्हणाला. गावच्या जागेचा निर्णय आमच्याकडे हात वर करूनच होतो, बापजाद्यांपासून.

हात वर गेले. आधी पाच-सहा, मग बघता बघता मंडप भरला. गणराजनेही केला, माझ्याकडे न बघता. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो.

आणि गणराजचा फोन वाजला.

पंचवीस वर्षं इंजिनाशेजारी बसून गणराजच्या कानांचा निकाल लागलाय, म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो. वर केलेल्या हातानेच त्याने खिशातून फोन काढला, कारण डाव्या हाताने त्याला बटण सापडत नाही. देवळात गोदूचा आवाज घुमला.

"दादा, बंद करताव म्हनं."

"अगं, मी सभेत हाय."

"ठाऊक हाय. एकच इचारते. मे महिन्यात आम्ही कुठं यायचं?"

गणराज म्हणाला, "घरी ये की. तुला कोणी नको म्हटलंय?" आणि फोन तोंडाजवळ धरून उभा राहिला.

तेवढ्यात त्याच्या मागच्याचा वाजला. मग खांबापाशी बसलेल्या दोघा भावांचा एकदम. मग चहूकडून. कोणाची भक्तिगीतं, कोणाचं लग्नातलं गाणं, कोणाचं नुसतं टिंगटिंग, देऊळ वाजायला लागलं. ज्याचा फोन वाजला त्याचा हात खाली आला. मी बाहेर बघितलं. पारावर मैना तिच्या माहेरच्या दोघीतिघींच्या मधे बसून अबोलीची फुलं गुंफून वळेसर करत होती, जणू देवळात काय चाललंय हे तिला ठाऊकच नाही.

माझाही वाजला. केसर होती.

"दादा, मितेशने कप उशाशी घेऊन झोप काढली. तुझ्यावर रागवलेत ना सगळे?"

"रागवतील नाही तर काय?"

"दादा, ऐक." तिने नाक ओढलं. केसर मोठ्याने रडत नाही, तिची नाक ओढायची सवय आहे. "आई-बाबा गेले तेव्हापासून मी तुझ्याकडे राहिले न्हवते. तुला आठवतं? पूल न्हवता तेव्हा होडीने यायचो, चार दिवस राहायचो. पूल झाला आणि सासू म्हणायला लागली, सकाळी जा, संध्याकाळी ये, राहायचं काय नडलंय. माहेर जवळ आलं आणि राहायचंच संपलं. आता पोराचा सराव असतो म्हणून महिनाभर येते. कोणी काय बोलत न्हाय. आम्ही सगळ्या रात्री तुझ्या ओटीवर बसतो, ते काय फुटबॉल बघायला व्हय? ते बंद केलंत तर आम्ही कुठलं निमित्त सांगायचं?"

 चार मे महिने त्या बायका माझ्या ओटीवर बसून हसत होत्या आणि मी आतून ओरडत होतो, आवाज कमी करा, सकाळी पोरांना उठवायचंय. फोन बंद करून मी मंडपात नजर फिरवली. ज्याच्या त्याच्या बहिणीने त्याला एकच प्रश्न विचारला होता. गणराज उपरण्याने डोळे पुसत होता आणि धूळ फार आहे असं म्हणत होता.

हात सगळे खाली होते. एकच वर होता. अंबाजीचा.

तो सगळ्यांकडे बघत होता. मग त्याने दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, बाजूचं बटण दाबून आवाज चालू आहे का ते तपासलं, आणि हातातच धरून ठेवला. फोन वाजला नाही.

अंबाजीला एकच बहीण आहे, काशी. तीही करंजपाड्यात. बापाच्या जागेवरून दोघांचं फाटलं त्याला दहा-अकरा वर्षं होऊन गेली. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, ते गावाने कधी विचारलं नाही. तेव्हापासून ती पुलावरून या बाजूला आलेली नाही. भाऊबीजेला अंबाजी सकाळीच गाडी घेऊन कुठेतरी जातो, पार बोर्ली पंचतनपर्यंत जाऊन येतो, आणि आम्ही कोणी विचारत नाही.

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या माणसाकडे मला बघवेना. सगळं गाव मान खाली घालून बसलं होतं आणि त्याचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचा हे तो विसरला असावा.

मग त्याने तो घेतला. माझ्याजवळ येऊन बसला, मांडीला मांडी लावून. हळू आवाजात म्हणाला, "काशीची आरोही आता बारा पुरी करून तेराव्यात असेल ना?"

"असेल," मी म्हटलं. "मला न्हाय नक्की ठाऊक."

"मला हाय. आषाढातली हाय ती." मग त्यानेच विचारलं, "तू पोरींना घेतोस का रे अकादमीत?"

"आजपर्यंत कोणी आणलीच न्हाय."

"आणली तर?"

"तर घेईन की."

त्याने ताटलीतली चावी उचलली, माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून खिसा थापटला. मग स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "तू लाव. माझं नाव बघून ती उचलायची न्हाय."

मी म्हटलं, "तुझ्या फोनवरून लावला तर तुझंच नाव येईल, येड्या." आणि माझ्या फोनवरून काशीचा नंबर लावला. तिसऱ्या रिंगला तिने उचलला. "बोल रामदादा," ती म्हणाली.

मी फोन अंबाजीच्या हातात दिला. सभेत तासतास बोलणारा माणूस, फोन कानाला लावून नुसता श्वास घेत बसला. पलीकडून काशी हॅलो हॅलो करत होती. मग तिला कळलं असावं, कारण तीही गप्प झाली.

"काशे," अंबाजी म्हणाला. "आरोहीच्या पायाचा नंबर काय गं? बूट घ्यायचे हायेत."

 अंबाजीने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, दातांनी त्याचं टोपण काढलं, आणि काशी सांगेपर्यंत तळहात उघडा धरून बसून राहिला.